मिश्मेटल किती टाकायचं हे हीटमधला ऑक्सिजन आणि गंधक ठरवतात

जळगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा प्रश्न असा आहे: ५०० किलोची इंडक्शन भट्टी, सिलिकाचं अस्तर, माल म्हणजे साध्या कार्बन स्टीलच्या पंप-बॉडी आणि ब्रॅकेट. ग्राहकाला उणे २० अंशांना चार्पी (खाच पाडलेला तुकडा आघाताने तोडून किती ऊर्जा लागली ते मोजणारी इम्पॅक्ट चाचणी) हवी आहे. त्यासाठी तीन हीटमध्ये (हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा) प्रत्येकी १ किलो मिश्मेटल, म्हणजे रेअर अर्थ धातूंचं मिश्रण, लॅडलमध्ये (पोलाद ओतायच्या भांड्यात) टाकलं. पहिल्या हीटचा इम्पॅक्ट चांगला वाढला. पुढच्या दोन हीटचा नेहमीपेक्षाही खाली आला, एका बॉडीला कोपऱ्यात हॉट टिअर (गोठतानाच पडलेली चीर) निघाला आणि मशीनिंगनंतर वरच्या तोंडावर मळीचे (स्लॅगचे) ठिपके दिसले. गंधक पहिल्या हीटमध्ये ०.०३१ टक्के होतं, पुढच्या दोन्हींत ०.०१३ टक्क्याच्या आसपास. म्हणजे चांगल्या भंगाराच्या हीटच बिघडल्या, हे कसं? आणि खडी क्रशरच्या मँगनीज जॉमध्ये (दगड चिरडणाऱ्या मँगनीज स्टीलच्या जबड्यात) हेच टाकावं का?

त्या दोन हीट स्वच्छ होत्या म्हणूनच बिघडल्या. एक किलोचा डोस योगायोगाने पहिल्या हीटला बसला आणि पुढच्या दोन्हींना जवळजवळ दुप्पट झाला. हिशोब करून पाहू.

मिश्मेटल म्हणजे साधारण अर्धं सिरियम, पाव भाग लँथेनम आणि उरलेलं निओडिमियम, प्रॅसिओडिमियम. पोलादात गेल्यावर ते आधी ऑक्सिजन धरतं, मग ऑक्सिजन आणि गंधक मिळून ऑक्सिसल्फाइड बनवतं, आणि ऑक्सिजन संपला की उरलेल्या गंधकाचं सल्फाइड करतं. अॲल्युमिनियमने मारलेल्या (म्हणजे अॲल्युमिनियम टाकून ऑक्सिजन बांधलेल्या) पोलादात विरघळलेला ऑक्सिजन फार थोडा असला तरी अॲल्युमिनाच्या कणांमधला ऑक्सिजनही सिरियम ओढून घेतं. म्हणून हिशोबात एकूण ऑक्सिजन धरायचा, नुसता विरघळलेला नाही. अणुभाराप्रमाणे ऑक्सिसल्फाइडमध्ये १ ग्रॅम ऑक्सिजनबरोबर १ ग्रॅम गंधक आणि पावणेनऊ ग्रॅम सिरियम जातं. नंतरच्या सल्फाइडला १ ग्रॅम गंधकामागे २.९ ग्रॅम सिरियम लागतं.

एकूण ऑक्सिजन ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग) धरला तर ५०० किलोत तो २० ग्रॅम होतो. त्याला १७५ ग्रॅम रेअर अर्थ आणि २० ग्रॅम गंधक लागलं. पहिल्या हीटमध्ये गंधक १५५ ग्रॅम होतं. उरलेल्या १३५ ग्रॅमला ३९३ ग्रॅम लागलं. एकूण ५६८ ग्रॅम. लॅडलमध्ये नीट बुडवून टाकलेल्या मिश्मेटलची रिकव्हरी (पोलादात प्रत्यक्ष उतरणारा वाटा) ६० टक्के धरली तर टाकायचं झालं साधारण ९५० ग्रॅम. तुम्ही टाकलं १ किलो. बरोबर बसलं.

दुसऱ्या-तिसऱ्या हीटमध्ये गंधक ६५ ग्रॅम. २० ग्रॅम ऑक्सिसल्फाइडमध्ये गेलं, उरलेल्या ४५ ग्रॅमला १३१ ग्रॅम रेअर अर्थ पुरलं. एकूण गरज ३०६ ग्रॅम, टाकायचं ५१० ग्रॅम. तुम्ही १ किलो टाकलं, त्यातलं ६०० ग्रॅम पोलादात उतरलं. जास्तीच्या मालातला थोडा भाग सल्फाइडला आणखी सिरियमयुक्त करण्यात जातो. तो वजा केला तरी सव्वादोनशे ग्रॅमच्या वर, म्हणजे साडेचार शतांश टक्के रेअर अर्थ मोकळं राहिलं. सगळं बिघडलं ते या मोकळ्या मालाने.

सिरियमचा अणू लोखंडाच्या अणूपेक्षा खूपच मोठा असल्याने तो घन लोखंडात जवळजवळ मावत नाही. पोलाद गोठताना तो पुढे ढकलला जातो आणि सर्वांत शेवटी गोठणाऱ्या द्रवात, म्हणजे ग्रेन बाउंड्रीवर (पोलादाच्या दाण्यांच्या सांध्यावर) जमतो. तिथे लोखंड-सिरियमचं संयुग बनतं. या दोघांचं युटेक्टिक (सर्वांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण) सुमारे ५९० अंशांनाच वितळतं. बाकी सगळं कास्टिंग घट्ट झालं असताना ग्रेनच्या सांध्यावर पातळ द्रव राहतो, त्याच वेळी कोपऱ्यात आकुंचनाचा ताण येतो आणि सांधा उघडतो. तुमच्या बॉडीचा हॉट टिअर तो हाच. थंड झाल्यावर हाच थर ठिसूळ असतो आणि चार्पीचा तुकडा ग्रेनच्या कडेकडेने फुटतो. तुटलेलं तोंड भिंगाखाली पाहा. चकचकीत पैलूदार दाणे दिसले तर खूण पटली. मात्र अॲल्युमिनियम जास्त झालं तरी अॲल्युमिनियम नायट्राइडमुळे तसंच खडीसाखरेसारखं तोंड येतं, म्हणून अॲल्युमिनियम किती उरलं आहे तेही सोबत तपासा.

वरच्या तोंडावरची मळी याच कहाणीचा दुसरा भाग आहे. मोकळं सिरियम ओतताना हवेशी भिडतं, धारेतच ऑक्साइड बनतं आणि साच्यात वर जमतं.

मग पहिल्या हीटला फायदा झाला तो कशाने? इन्क्लूजन (पोलादात अडकलेले ऑक्साइड-सल्फाइडचे कण) कमी झाल्यामुळे नक्कीच नाही. आकडे मांडून पाहा. मिश्मेटल नसतं तर त्या हीटमध्ये १५५ ग्रॅम गंधकाचं सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास मँगनीज सल्फाइड आणि थोडं अॲल्युमिना झालं असतं. मिश्मेटलनंतर रेअर अर्थची संयुगं ७४० ग्रॅमच्या घरात होतात. ती जड असतात, तरी आकारमानाने पाहिलं तर एकूण इन्क्लूजन थोडं वाढतंच. बदलला तो त्यांचा आकार आणि त्यांची जागा. अॲल्युमिनियमने मारलेल्या कार्बन स्टीलच्या कास्टिंगमध्ये मँगनीज सल्फाइड शेवटच्या द्रवात, ग्रेनच्या कडांवर माळेसारखं पसरतं. जाणकार त्याला टाइप दोन म्हणतात आणि लांबण-इम्पॅक्टचा सर्वांत मोठा शत्रू तोच. रेअर अर्थचं ऑक्सिसल्फाइड पोलाद गोठण्याआधीच, द्रवात सुटं-सुटं, गोल आणि बारीक तयार होतं. गंधक तिथेच अडकलं की कडेवर माळ व्हायला काही उरत नाही.

लाटलेल्या किंवा फोर्ज केलेल्या मालात हाच फायदा आणखी ठळक दिसतो. मँगनीज सल्फाइड गरम लाटताना मऊ पडून लांबट पट्टी होतं, त्यामुळे लाटण्याच्या दिशेला इम्पॅक्ट चांगला आणि आडव्या दिशेला निम्म्यावर, असं होतं. रेअर अर्थ सल्फाइड त्या तापमानाला पसरत नाही, गोलच राहतं. १९७० च्या दशकात पाइपलाइनच्या प्लेटमध्ये रेअर अर्थ वापरलं गेलं ते यासाठीच. पुढे लॅडलमध्ये गंधक अगदी खाली आणणं आणि कॅल्शियम वायर घालणं सोपं झालं, आणि बहुतेक स्टील प्लांट त्या वाटेने गेले.

शिवाय गरम-थंड होताना पोलाद जितकं प्रसरण पावतं, साधारण तितकंच रेअर अर्थ ऑक्सिसल्फाइडही पावतं. अॲल्युमिना त्यापेक्षा बरंच कमी पावतं, म्हणून थंड झाल्यावर त्याच्या भोवती ताण अडकून राहतो. अॲल्युमिना फार कठीणही असतं. थकव्याने तुटणाऱ्या भागात, म्हणजे बेअरिंग, शाफ्ट, गिअरमध्ये हा फरक मोलाचा ठरतो. शेनयांगच्या धातू संशोधन संस्थेने २०२२ मध्ये कमी ऑक्सिजनच्या रेअर अर्थ पोलादावर जे काम प्रसिद्ध केलं, त्याचं सूत्र असं की पोलादातला ऑक्सिजन आणि खुद्द रेअर अर्थ धातूतला ऑक्सिजन, दोन्ही आधी खाली आणले तरच परिणाम दर वेळी सारखा मिळतो. एका हीटला गुण, दुसरीला दोष ही तक्रार सगळीकडे आहे आणि तिचं मूळ बहुतेक वेळा ऑक्सिजनमध्ये सापडतं.

ग्रेनवरचा परिणाम खरा आहे, पण तो मर्यादित आहे. सिरियमच्या ऑक्साइड-ऑक्सिसल्फाइडची स्फटिकरचना डेल्टा लोखंडाशी (पोलाद गोठताना आधी बनणाऱ्या लोखंडाच्या रूपाशी) बऱ्यापैकी जुळते, त्यामुळे गोठताना हे कण बीजासारखे उपयोगी पडतात आणि लांब खांबासारखे दाणे कमी होऊन गोलसर दाणे वाढतात. कास्टिंगमध्ये हे दिसतं. पण त्यानंतर तुम्ही ९०० ते ९२० अंशांना नॉर्मलायझिंग (तापवून हवेत थंड करणं) नीट केलं नाही तर तो फायदा चार्पीत उतरत नाही. कोणत्या तापमानाला पोलाद ठिसूळ होतं हे मुख्यतः फेराइटचा दाणा, कार्बन आणि हीट ट्रीटमेंट ठरवतात. रेअर अर्थ वाढवतं ती मुख्यतः तन्य (ठिसूळ नसलेल्या) अवस्थेतली ऊर्जा, लांबण आणि क्षेत्रफळातली घट. टेन्साइल, यील्ड आणि हार्डनेस जवळपास तिथेच राहतात. मिश्मेटलने टेन्साइल वाढेल असं कुणी विक्रेता सांगत असेल तर त्याच्याकडे त्याच हीटचे, टाकलेले आणि न टाकलेले, असे दोन्ही टेस्ट बार मागा.

आता तुमच्या भट्टीवर काय करायचं ते.

सिलिका अस्तराच्या इंडक्शन भट्टीत गंधक काढता येत नाही. जे भंगारातून आलं तेच कास्टिंगमध्ये जातं. त्यामुळे खरी लढाई चार्जिंग प्लॅटफॉर्मवर आहे. लेथच्या भुशाबद्दल विशेष सांभाळा. जळगाव-भुसावळच्या वर्कशॉपांतून येणाऱ्या टर्निंगमध्ये ईएन १ए चा माल सर्रास असतो आणि त्यात मुद्दाम ०.२ ते ०.३ टक्के गंधक घातलेलं असतं, कापायला सोपं जावं म्हणून. ५०० किलोच्या चार्जमध्ये असा १० किलो भुसा आला की २५ ग्रॅम गंधक, म्हणजे ०.००५ टक्के, एका फावड्यात वाढतं. आणि मग वर काढलेल्या हिशोबाप्रमाणे सुमारे १२० ग्रॅम मिश्मेटल नुसतं तेवढ्यासाठी जास्त लागतं. चार्पीच्या हीटसाठी टर्निंग बंद ठेवा, पंचिंग आणि जाड प्लेटचे तुकडे घ्या. गंधक ०.०१० ते ०.०१२ वर आणलं तर डोस निम्मा होतो आणि एकूण इन्क्लूजनही खरोखर घटतात. गंजलेलं भंगार, पावसाळ्यात उघड्यावर भिजलेलं भंगार आणि ओलसर फेरोअलॉय ऑक्सिजनबरोबर हायड्रोजनही आणतात. जून ते सप्टेंबर ते छपराखाली ठेवा आणि फेरोअलॉय भट्टीच्या कडेला तापवून घ्या.

मिश्मेटल भट्टीत कधीही टाकू नका. ते सिलिकातलाही ऑक्सिजन ओढतं. अस्तर खातं, सिलिकॉन वाढवतं आणि ऑक्साइडचा कचरा द्रवातच सोडतं. लॅडललाही सिलिकाचं अस्तर असेल तर तोच त्रास थोड्या प्रमाणात होतो, म्हणून या कामाची लॅडल हाय-अॲल्युमिनाची किंवा मॅग्नेसाइटची ठेवा, बर्नरने लाल होईपर्यंत, निदान ८०० अंशांपर्यंत तापवा. आदल्या हीटची कवडी (गोठून राहिलेला पोलादाचा थर) तळाला चिकटलेली असेल तर ती काढा. तिच्यातल्या लोह ऑक्साइडला तुमच्या महागड्या सिरियममधला पहिला घास मिळतो.

टॅपिंग (भट्टीतून लॅडलमध्ये ओतणं) १६२० ते १६४० अंशांना. त्याआधी भट्टीवरची मळी पूर्ण काढा. अॲल्युमिनियम ०.१ टक्का, म्हणजे अर्धा किलो, लॅडल एक तृतीयांश भरल्यावर धारेत द्या. कास्टिंगमध्ये ०.०३ ते ०.०५ टक्के उरलं पाहिजे. लॅडल भरल्यावर पुन्हा मळी काढा आणि एक-दोन मिनिटं थांबा. आता मिश्मेटल. अक्रोडाएवढे तुकडे, पातळ पत्र्याच्या डब्यात बंद करून, डबा सळईला वेल्ड करून सरळ तळापर्यंत बुडवा आणि वितळेपर्यंत दाबून धरा. मिश्मेटलची घनता पोलादाहून किंचित कमी असते. वर फेकलं तर ते पृष्ठभागावरच जळतं, उजेड मोठा पडतो आणि पोलादात काही उतरत नाही. सिरियमचा उत्कलनबिंदू ३४०० अंशांच्या वर आहे, त्यामुळे मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमसारखी उसळी येत नाही आणि वाफ होऊनही ते उडून जात नाही. पण लॅडल उघडी ठेवून जितका वेळ घालवाल तितकं हवा ते खात राहते. दोन ते तीन मिनिटं थांबा, वर कोरडं आवरण द्या आणि टाकल्यापासून सहा-सात मिनिटांत ओतून संपवा. लॅडलच्या तळाला पोरस प्लग (वायू सोडायची सच्छिद्र वीट) असेल तर अगदी हलका आर्गॉन सोडा. पृष्ठभाग फुटून उघडा पडेल इतका जोर नको.

थांबल्यावर सगळे कण वर येतील ही आशा ठेवू नका. अॲल्युमिनाची घनता ४ च्या आसपास, रेअर अर्थ ऑक्सिसल्फाइडची सुमारे ६, आणि वितळलेल्या पोलादाची ७. फरक कमी म्हणून वर येण्याचा वेगही कमी. ५० मायक्रॉनचा अॲल्युमिनाचा पुंजका ५ मिनिटांत साधारण २० सेंटीमीटर वर येईल, तर तेवढाच रेअर अर्थचा पुंजका जेमतेम ७. १० मायक्रॉनचे कण तर दोन्ही प्रकारचे जिथल्या तिथे राहतात. मोठ्या इनगॉटमध्ये रेअर अर्थचे कण तळाच्या भागात साठलेले सापडतात ते यामुळेच. तुमच्या कामात याचा अर्थ असा की पुंजके होऊच द्यायचे नाहीत. डोस कमी, ऑक्सिजन कमी, ओतताना हवा कमी. टीपॉट लॅडल (चहाच्या किटलीसारखी तळाकडून ओतणारी) वापरा, स्प्रू (साच्यात पोलाद उतरायची उभी नळी) सतत भरलेला ठेवा, गेट (साच्यात शिरायची वाट) खालून घ्या. झिर्कोनियाचा फोम फिल्टर लावणार असाल तर जाड छिद्रांचा, १० पीपीआयचा (इंचाला १० छिद्रं), आणि नेहमीपेक्षा मोठ्या क्षेत्रफळाचा घ्या. हे कण फिल्टरला चिकटतात आणि लहान फिल्टर अर्ध्या साच्यात बंद पडतो. बॉटम-पोअर (तळातून ओतणाऱ्या) लॅडलच्या नोझलचंही तेच, पोलाद थंड नसतानाही धार बारीक होत जाते.

शुद्ध मिश्मेटलऐवजी रेअर अर्थ सिलिसाइड (रेअर अर्थ आणि सिलिकॉनचा मिश्रधातू) घेतलं तर हाताळायला सोपं पडतं. त्यात साधारण ३० टक्के रेअर अर्थ असतं. गंधक ०.०१० टक्के आणि ऑक्सिजन ३० पीपीएम असलेल्या ५०० किलोच्या हीटला पोलादात २३० ग्रॅमच्या आसपास रेअर अर्थ लागतं. ६० टक्के रिकव्हरीने ते १.३ किलो सिलिसाइड होतं. त्याबरोबर ०.१ टक्का सिलिकॉन येतो. तो आधीच भट्टीत कमी धरा.

हिशोबाने आलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांनी सुरुवात करा. थोडं कमी पडलं तर काही मँगनीज सल्फाइड उरेल, पण कास्टिंग वाया जाणार नाही. जास्त झालं तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

साठवण सांभाळा. मिश्मेटल दमट हवेत ऑक्साइड होऊन भुकटी पडतं. अशी पांढरी-पिवळी भुकटी म्हणजे तयार इन्क्लूजनच, ते लॅडलमध्ये टाकू नका. हवाबंद डब्यात किंवा तेलात ठेवा. लायटरचा खडा याच धातूत लोखंड मिसळून केलेला असतो, त्यामुळे ते कापताना-घासताना ठिणग्या उडतात आणि बारीक चुरा पेट घेतो. आग लागली तर कोरडी वाळू टाका. पाणी अजिबात नको.

तपासणीत एक अडचण येते. लहान फाउंड्रीच्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये सिरियम-लँथेनमची चॅनल बहुधा नसतात. मग सूक्ष्मदर्शकावर भर द्या. एचिंग (आम्लाने पृष्ठभाग उठवणं) न करता, पॉलिश केलेला नमुना १०० आणि ५०० पट मोठा करून पाहा. ग्रेनच्या कडेने ठिपक्यांच्या माळा दिसल्या तर डोस कमी आहे. सुटे, गोल, करडे कण पसरलेले असतील तर बरोबर. ढगासारखे घोळके किंवा कडेवर सलग पट्टी दिसली तर जास्त आहे किंवा पुन्हा ऑक्सिडेशन झालं आहे. शंका राहिली तर तोच नमुना एसईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) पाठवा. बॅकस्कॅटर चित्रात रेअर अर्थचे कण पोलादाहून उजळ दिसतात, अॲल्युमिना आणि मँगनीज सल्फाइड काळे, त्यामुळे ओळख लगेच पटते. महिन्यातून एकदा एकूण ऑक्सिजन बाहेरून तपासून घ्या, कारण वरचा सगळा हिशोब त्या ४० पीपीएमच्या गृहीतकावर उभा आहे. तो ८० निघाला तर एकट्या ऑक्सिजनलाच ३५० ग्रॅम रेअर अर्थ लागेल.

हा खटाटोप कुठे करावा? ग्राहकाची चार्पी फक्त सामान्य तापमानाची असेल तर आधी गंधक उतरवा, अॲल्युमिनियम नेमकं ठेवा आणि कॅल्शियम सिलिकॉनवर भागवा. ते स्वस्त आहे आणि चुकलं तरी नुकसान कमी. उणे २० किंवा उणे ४६ ची अट असेल, सेक्शन जाड असेल, तिथे रेअर अर्थ पैसे वसूल करतं. उष्णतारोधक स्टेनलेसमध्ये त्याची जागा वेगळीच आहे. २५३ एमए या ग्रेडच्या स्पेसिफिकेशनमध्येच ०.०३ ते ०.०८ टक्के सिरियम मागितलेलं असतं. ते तिथे ऑक्साइडची खपली घट्ट धरून ठेवण्यासाठी असतं, गंधकासाठी नाही.

आता क्रशरचा जॉ. साक्री-नंदुरबारकडचा डाइकचा (भेगेत घुसून गोठलेल्या लाव्हाच्या भिंतीचा) काळा दगड जॉला फार लवकर खातो, त्यामुळे त्या बाजूच्या क्रशरवाल्यांची मागणी समजते. पण मँगनीज स्टीलमध्ये गंधक ही अडचणच नाही. ११ ते १४ टक्के मँगनीज असताना सल्फाइड गोल आणि निरुपद्रवीच असतं. तिथे रेअर अर्थ टाकायचं ते दाणा बारीक करण्यासाठी आणि ग्रेनच्या कडेवरचं कार्बाइड सलग जाळीऐवजी तुटक करण्यासाठी. टनाला १ ते २ किलो सिलिसाइड पुरेसं आहे, तेही लॅडलमध्ये, आणि भट्टीचं अस्तर न्यूट्रल किंवा बेसिक असेल तर. मँगनीज ऑक्साइड सिलिकाचं अस्तर खातं.

याचा फायदा ओतण्याच्या तापमानाने सहज पुसला जातो. १४२० ते १४५० ऐवजी १५०० ला ओतलं तर दाणा जाडच होणार, काहीही टाका. फॉस्फरस ०.०५ टक्क्याच्या वर असला तरी तेच. आणि हार्डनेस वाढून जॉ जास्त टिकेल ही अपेक्षा चुकीची आहे. या स्टीलची झीज रोखण्याची ताकद दगडाच्या माराने पृष्ठभाग कठीण होण्यातून येते. रेअर अर्थने जॉ तुटण्याची शक्यता कमी होते, झिजण्याचा वेग फारसा नाही.

तुटलेल्या जॉची तक्रार आली तर आधी क्वेंचिंग टँक (तापलेला माल बुडवून थंड करायची पाण्याची टाकी) तपासा. १०५० ते १०८० अंशांवरून माल पाण्यात जाईपर्यंत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला, किंवा पाणी ५० अंशांच्या पुढे गेलं, की कार्बाइड पुन्हा कडांवर बसतं. १ टन माल १० टन पाण्याला सुमारे १४ अंशांनी तापवतो. मे महिन्यात जळगावात उघड्या टँकचं पाणी ३५ अंशांवरच सुरू होतं, म्हणजे पहिल्याच बॅचला तुम्ही काठावर पोचता आणि दुसरी बॅच त्याच पाण्यात बुडवली तर ती गेलीच. टँक मोठा करा, पाणी पंपाने फिरवा किंवा कूलिंग टॉवर लावा, आणि उन्हाळ्यात जाड जॉची बॅच पहाटे घ्या. त्यानंतरही लगच्या (कास्टिंगला जोडून ओतलेल्या नमुना-तुकड्याच्या) कापात १०० पटीला कडांवर कार्बाइडची जाळी दिसली, तरच सिलिसाइडचा प्रयोग करा, आणि तो करताना ओतण्याचं तापमान दोन्ही हीटना सारखं ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.